जगातला सर्वांत लांब मनोरा

पोलंडमध्ये १९९१च्या उन्हाळ्यानंतर एक विनोद रूढ झाला. जगातला सर्वांत लांब मनोरा आमच्याकडे आहे, असं तिथले लोक सांगू लागले. उंच नव्हे, लांब. कारण ८ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत जो मनोरा जगात सर्वांत उंच होता, तो त्या दिवसानंतर शेतात आडवा पडला होता.

वॉर्सापासून शंभरेक किलोमीटरवर, गॉम्बिन गावाजवळ, कॉन्स्टांतिनूफ नावाचं खेडं आहे. तिथे हा रेडिओचा मनोरा होता. उंची ६४६.३८ मीटर. आतकरवाडीच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की सिंहगडाचा माथा जेवढा उंच दिसतो, साधारण तेवढा. फरक इतकाच की सिंहगडाचा पायथा मैलोगणती पसरलेला आहे, आणि या मनोऱ्याची रुंदी तळापासून शेंड्यापर्यंत पाच मीटरही नव्हती. दुबईच्या बुर्ज खलिफाने २००८मध्ये मागे टाकेपर्यंत माणसाने यापेक्षा उंच काहीच उभारलेलं नव्हतं.

हा मनोरा कोणी पाहायला यावं म्हणून उभारलेला नव्हता. वर निरीक्षण सज्जा नव्हता, फिरतं उपाहारगृह नव्हतं. त्याचं काम एकच होतं, पोलिश रेडिओचा पहिला कार्यक्रम, म्हणजे त्याची पहिली वाहिनी, देशभर आणि देशाबाहेर पोहोचवणं. तो कोसळला, पण कार्यक्रम बंद पडला नाही. त्या आवाजाने याआधीही घरं बदलली होती आणि यानंतरही बदलली. दर वेळी घर जाण्याचं कारण मात्र वेगळं होतं.

पोलंड १९१८मध्ये पुन्हा नकाशावर आला, तेव्हा तो १२३ वर्षं तीन साम्राज्यांत वाटला गेलेला देश होता. एका भागात रशियाचे कायदे, दुसऱ्यात जर्मनीचे, तिसऱ्यात ऑस्ट्रियाचे. अशा देशाला एका वेळी एकच गोष्ट सगळ्यांना ऐकवता येणं ही चैन नव्हती, गरज होती. १८ एप्रिल १९२६ रोजी पोलिश रेडिओचं नियमित प्रसारण वॉर्सातून सुरू झालं. पण सुरुवातीच्या ट्रान्समीटरची ताकद बेताची होती. खेड्यापाड्यांत आवाज पोहोचवायचा तर दोनच वाटा होत्या. एक तर प्रत्येक घरात चांगला, महागडा रेडिओ हवा, नाही तर केंद्रच इतकं ताकदवान हवं की साध्यातल्या साध्या संचावरही ते ऐकू यावं.

पोलंडने दुसरी वाट धरली. १९३०मध्ये ‘डेटेफोन’ नावाचा संच बाजारात आला. स्फटिकावर चालणारा, ३९ झ्वॉटींचा. त्याला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. अंगणात तार ताणायची, कानाला हेडफोन लावायचा आणि हवेतून येईल तेवढ्या शक्तीवर ऐकायचं. पुढच्याच वर्षी, मे १९३१मध्ये, वॉर्साच्या वेशीबाहेर राशिन इथे १२० किलोवॉटचं केंद्र सुरू झालं. युरोपातल्या सर्वांत शक्तिशाली केंद्रांत त्याची गणना होत असे. तिथे २८० मीटर उंचीचे दोन मनोरे होते आणि वाळत घालायच्या दोरीसारखी त्यांच्यात अँटेनाची तार ताणलेली होती. श्रोता गरीब, म्हणून केंद्र श्रीमंत, असा हा हिशेब होता. संचावर वाचलेला पैसा मनोऱ्यावर खर्च झाला.

इथे लाँग वेव्हचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती कधी वापरात आली नाही. आपण मिडियम वेव्हवर वाढलो, रात्री घरघरत का होईना शॉर्ट वेव्ह लावली. युरोपात मिडियम वेव्हच्याही खाली एक पट्टा आहे. त्यातली लहर दीड-दोन किलोमीटरपर्यंत लांब असते. ती जमिनीला चिकटून जाते, डोंगराला वळसा घालते आणि दिवसाउजेडीही शेकडो किलोमीटर खरखर न होता पोहोचते. सपाट आणि पसरलेल्या पोलंडसाठी ती जणू मापाची होती. पण लहर जितकी लांब, तितका तिला सोडणारा मनोरा उंच लागतो. पुढची सगळी कथा याच एका अटीतून घडली.

युद्ध आलं तेच रेडिओच्या वाटेने. ग्लिवित्से हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, सरहद्दीला लागून. तिथल्या रेडिओ केंद्रात ३१ ऑगस्ट १९३९च्या संध्याकाळी पोलिश बंडखोरांचं सोंग घेतलेली एसएसची माणसं घुसली. त्यांनी पोलिश भाषेत एक छोटा संदेश प्रसारित केला, आणि पोलंडने हल्ला केल्याचा देखावा तयार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरलं. ग्लिवित्सेचा १९३५ सालचा मनोरा लार्चच्या लाकडाचा आहे, उंची सुमारे १११ मीटर. धातूचा सांगाडा आतल्या अँटेनाच्या कामात लुडबुड करेल म्हणून तो लाकडाचा केला. त्यात लोखंडी खिळा नाही, सांधे १६ हजारांहून अधिक पितळी बोल्टांनी जोडलेले आहेत.

जर्मन फौजा वॉर्साजवळ आल्या तेव्हा राशिनचं केंद्र शत्रूच्या हाती चालू स्थितीत लागू नये म्हणून पोलिश अभियंत्यांनीच ते निकामी केलं. वेढ्यातल्या शहराशी बोलायला ‘वॉर्सा दोन’ हे छोटं केंद्र उरलं. महापौर स्तेफान स्ताझिन्स्की त्यावरून रोज नागरिकांशी बोलत. २३ सप्टेंबर रोजी शहराचं वीजकेंद्र बॉम्बहल्ल्यात बंद पडलं आणि रेडिओ गप्प झाला. त्याच दिवशी स्टुडिओत व्लादिस्लाव श्पिलमन शोपँ वाजवत होता. ‘द पियानिस्ट’ या चित्रपटामुळे हा प्रसंग आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे.

राशिनचे मनोरे मात्र उभे होते. जर्मनांनी केंद्र दुरुस्त करून स्वतःच्या प्रसारणासाठी वापरलं. जानेवारी १९४५मध्ये माघार घेताना त्यांनी ते सुरुंग लावून उडवलं. दोन मनोऱ्यांची पहिली जोडी अशी स्फोटकांनी गेली.

वॉर्सा तेव्हा ढिगाऱ्यांचं शहर होतं. तरी १९४९मध्ये राशिनला नवा मनोरा उभा राहिला, या वेळी दोन नव्हे, एकच, पण ३३५ मीटरचा. आयफेल टॉवरहून उंच. लोकांना राहायला पुरेशी घरं नसताना शासनाने हे काम आधी हातात घेतलं, यावरून रेडिओचं वजन कळतं. युद्धानंतरच्या शासनालाही एकाच वेळी सगळ्यांना ऐकवायचं होतं, फक्त काय ऐकवायचं ते बदललं होतं.

राशिनचा मनोरा काम भागवत होता. पण देशाच्या कडेकोपऱ्यांत आवाज क्षीण होई, आणि शेजारची केंद्रं आपली ताकद वाढवत होती. लाँग वेव्हवर जागा थोडी आणि दावेदार फार. शेजाऱ्याचा आवाज चढला की आपला बुडतो. म्हणून वॉर्सापासून दूर, देशाच्या मध्यभागी, नवं केंद्र काढायचं ठरलं. जागा निवडली कॉन्स्टांतिनूफची.

मनोऱ्याची उंची कोणी विक्रमासाठी ठरवली नव्हती. ती गणिताने ठरवली. केंद्राची कंपनसंख्या २२७ किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी १,३२० मीटरच्या आसपास. या लहरीच्या जवळजवळ निम्म्या उंचीचा मनोरा उभारला तर शक्ती आकाशात वाया न जाता जमिनीलगत दूरवर जाते. निम्मं म्हणजे साडेसहाशे मीटर. विक्रम आपोआप झाला.

आराखडा यान पोलाक या अभियंत्याचा. मनोरा त्रिकोणी छेदाचा, प्रत्येक बाजू ४.८ मीटर. साडेसात-साडेसात मीटरचे ८६ पोलादी तुकडे एकावर एक चढवत नेले. एकूण वजन ४२० टन. एवढी उंच आणि बारीक काठी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तंबूला लागतात तसे तिला तणावे लागतात. इथे पाच पातळ्यांवर, तीन दिशांना, असे पंधरा पोलादी तणावे होते आणि प्रत्येकाचं टोक जमिनीत काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यात रुतवलेलं होतं.

सगळ्यात विलक्षण भाग पायाशी होता. या मनोऱ्यावर अँटेना बसवलेली नव्हती, मनोरा हीच अँटेना होती. म्हणून त्याला जमिनीला टेकायची मुभा नव्हती. ४२० टनांचा तो डोलारा दोन मीटरच्या इन्सुलेटरवर उभा होता, जमिनीपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण तुटलेला. प्रसारण चालू असताना पायथ्याशी १२० किलोव्होल्टचा दाब असे. दोन प्रचंड ट्रान्समीटर ब्राउन बोव्हेरी या स्वित्झर्लंडच्या कंपनीचे, दोन्ही मिळून क्षमता दोन हजार किलोवॉट. ते मनोऱ्यापासून सुमारे सहाशे मीटर दूरच्या इमारतीत ठेवले होते. वर जायला आतून एक पाळणा होता. तो सेकंदाला जेमतेम एक फूट सरके. शेंड्यावरचा दिवा बदलायला निघालेल्या माणसाला एका दिशेने अर्धा तास त्या पिंजऱ्यात उभं राहावं लागे.

मे १९७४मध्ये शेवटचा तुकडा बसला. प्रसारण २२ जुलैला सुरू झालं. तो कम्युनिस्ट पोलंडचा राष्ट्रीय दिवस, आणि त्या वर्षी राजवटीला तीस वर्षं होत होती. उद्घाटनाची तारीख कशी ठरते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आवाज मात्र खरोखर पोहोचला. जवळजवळ सगळ्या युरोपात आणि उत्तर आफ्रिकेतही वॉर्सा ऐकू येऊ लागलं. पश्चिम युरोपात पांगलेल्या पोलिश माणसाला घरच्या भाषेतल्या बातम्या, नाटकं, फुटबॉलचं धावतं वर्णन लाँग वेव्हवर मिळू लागलं. त्याला राजवट पसंत असेल किंवा नसेल, भाषा तर त्याचीच होती.

पण उंचीची किंमत असते आणि ती वारा वसूल करतो. वाऱ्याने मनोरा थरथरे, तणावे गुणगुणत राहत. वर्षानुवर्षांच्या या कंपनाने पोलाद थकतं. ऐंशीच्या दशकात देशाची तिजोरीही थकली. १९८८मध्ये दुरुस्ती काढली, पण सुटे भाग वेळेवर मिळेनात आणि काम रेंगाळलं. १९८९मध्ये राजवट गेली, देश बदलला, मनोऱ्याचे जुने तणावे मात्र अजून बदलायचेच होते.

हे बदलणं तंबूचा दोर बदलण्याइतकं सोपं नसतं. एका वेळी एकच तणावा सोडता येतो. तो सोडण्याआधी त्याच्या वाटचा ताण तात्पुरत्या दोरावर घ्यावा लागतो, मग जुना काढून नवा जोडायचा आणि पुन्हा ताण सारखा करायचा. तीन दिशांच्या ओढीत जरा फरक पडला की मनोरा एका बाजूला झुकू लागतो. ८ ऑगस्ट १९९१ रोजी सर्वांत वरच्या पातळीवरचे तणावे बदलण्याचं काम चालू असताना नेमकी इथेच चूक झाली. मनोरा आधी वाकला, मग साधारण निम्म्यावर मोडला आणि उरलेलाही कोसळला. वर त्या वेळी कोणी नव्हतं. कामगार मारले गेल्याच्या अफवा पुढे बरीच वर्षं फिरत राहिल्या, पण त्या संध्याकाळी एकही माणूस दगावला नाही. मनोरा गेला आणि त्याखाली सापडलेली एक छोटी क्रेन गेली. ट्रान्समीटरची इमारत जशीच्या तशी राहिली. आत दोन हजार किलोवॉटची यंत्रं धडधाकट, आणि त्यांचा आवाज सोडायला बाहेर काहीच नाही. चौकशीत देखरेखीच्या जबाबदारीवरच्या दोघांना दोषी धरलं गेलं आणि त्यांना तुरुंगवास झाला.

या क्षणी पोलंडला वाचवलं ते जुन्या घराने. राशिनचा १९४९चा मनोरा नवं केंद्र आल्यावर मोडीत काढलेला नव्हता, राखून ठेवला होता. पहिला कार्यक्रम पुन्हा तिथे नेला गेला. शक्ती कमी, पल्ला कमी, परदेशातल्या श्रोत्याची कुरकुर जास्त. पण देशात आवाज चालू राहिला. विक्रमवीर गेल्यावर पेन्शनीत काढलेल्या म्हाताऱ्याला कामावर बोलवावं तसं झालं, आणि त्याने आठ वर्षं निभावून नेलं.

सरकारला कॉन्स्टांतिनूफलाच पुन्हा मनोरा उभारायचा होता. इमारत होती, यंत्रं होती, वीजपुरवठा होता, ठोकळे होते. मोडून पडली होती ती फक्त काठी. पण आता गावाने विरोध केला. मनोऱ्याच्या लहरींमुळे आजार होतात, असं आसपासच्या रहिवाशांचं म्हणणं होतं. त्यांनी संघटना काढली, निदर्शनं केली. आरोग्याबद्दलचे त्यांचे आरोप सिद्ध झाले नाहीत. पण प्रश्न एवढाच नव्हता. १९७०मध्ये त्या खेड्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि ‘नाही’ म्हणायची सोयही नव्हती. नव्वदच्या दशकात पहिल्यांदाच ती सोय झाली होती आणि गावकऱ्यांनी ती वापरली. ज्या मनोऱ्याला वारा, गंज आणि शासनाची कडकी सतरा वर्षं पाडू शकली नाही, त्याचा दुसरा जन्म गावाच्या नकाराने रोखला. नव्या लोकशाहीत मनोऱ्यांची जागा ठरवण्याची रीत बदलली होती, हे वॉर्सातल्या अधिकाऱ्यांना उशिरा उमगलं.

शेवटी नवी जागा शोधली ती बिद्गोश्च शहराजवळच्या सोलेत्स कुयाव्स्की इथली. तिथे जुनं लष्करी सराव मैदान होतं, लगत वस्ती नव्हती. या वेळी विक्रमाचा सोस नव्हता. ३३० आणि २८९ मीटरचे दोन मनोरे, दोन्ही मिळून काम करणारे. एका अतिउंच काठीकडून जे करून घेतलं जात होतं, ते दोन मध्यम उंचीच्या काठ्यांकडून करून घ्यायचं. ४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सुरू झालं आणि २२५ किलोहर्ट्झवर पोलिश रेडिओचा पहिला कार्यक्रम आपल्या चौथ्या पत्त्यावरून बोलू लागला. २२७चे २२५ हे १९८८मध्येच झालं होतं, युरोपभरच्या केंद्रांना एका शिस्तीत बसवण्यासाठी.

सोलेत्सचं केंद्र सुरू झालं तेव्हा लाँग वेव्हचे दिवस भरत आले आहेत, असं जाणकार म्हणतच होते. त्यांचं चुकलं नाही. जर्मनीने २०१४च्या अखेरीस लाँग वेव्ह बंद केली. फ्रान्सच्या सरकारी रेडिओने दोन वर्षांनी तिथून काढता पाय घेतला. खासगी ‘युरोप वन’ गेलं, आरटीएल गेलं. आयर्लंडच्या आरटीईने हा निर्णय २०१४मध्येच घेतला होता, पण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वयस्कर आयरिश लोकांनी आरडाओरडा केला. त्यांना घरचा आवाज त्या एका लहरीवरच मिळत होता. म्हणून तिथली लाँग वेव्ह आणखी नऊ वर्षं चालली. एप्रिल २०२३मध्ये ती बंद झाली आणि जुलैत कौंटी मीथमधला २४८ मीटरचा मनोरा रीतसर पाडण्यात आला.

मनोरे जायला नेहमीच अपघात लागत नाही. बहुतेक जागी कारण साधं असतं. एक मोठा ट्रान्समीटर दिवसरात्र चालवण्याचं वीजबिल असतं, जमीन पसरलेली असते, दर काही वर्षांनी रंग आणि तणावे यांचा खर्च असतो, आणि दुसरीकडे श्रोते मोबाइलवर आणि गाडीतल्या एफएमवर गेलेले असतात. हिशेबनीस दोन रकाने लिहितो आणि मनोरा उतरतो. फक्त एक गोष्ट त्या रकान्यात मांडता येत नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, इंटरनेट तुटलं, तरी एक दूरचा मनोरा आणि खिशातला बॅटरीवरचा संच एवढ्यावर देशाला बोलता येतं. सप्टेंबर १९३९ भोगलेल्या देशाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारची केंद्रं एकेक करून मिटत गेली तरी पोलंडने २२५ किलोहर्ट्झ सोडलं नाही, यात नवल नाही.

मनोऱ्यांच्या या हिशेबात उरलं काय? ग्लिवित्सेचा लाकडी मनोरा उभा आहे. तो आता पोलंडमध्ये आहे, पायथ्याशी संग्रहालय आहे आणि अंगावर मोबाइल कंपन्यांचे अँटेना आहेत. राशिनचा १९४९चा मनोरा उभा आहे. सोलेत्सची जोडी काम करते आहे. कॉन्स्टांतिनूफला तणाव्यांचे काँक्रीटचे ठोकळे उरले आहेत. जगातला सर्वांत उंच मनोरा तिथे सतरा वर्षं उभा होता.